काटा अर्ध्यावर, पेट्रोल तिसरा हिस्सा

माझा भाचा निखिल रामटेकच्या पलीकडे एका तलावावर बोटिंगचा ठेका चालवतो. त्याच्याकडे पायडलच्या बोटी आहेत, पंचवीस लिटरच्या सुट्या टाक्यांवर चालणाऱ्या लहान मोटरबोटी आहेत आणि चाळीस हॉर्सपॉवरची एक फायबरची बोट आहे. ही शेवटची कोकणातून सेकंडहँड आणलेली, आणि तीच त्याची लाडकी. गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी ती भर तलावात, पर्यटक बसलेले असताना, बंद पडली. पेट्रोल संपलं होतं आणि काटा पाववर होता. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात होती, वारा पडलेला होता, ढिवरांचा, म्हणजे इथल्या मासेमारांचा, एक डोंगा जवळच होता, म्हणून प्रकरण हसण्यावारी गेलं. संध्याकाळी निखिलचा फोन आला. "मावशी, काटा तं पाववर होता नं! मंग बंद काहून पडली?"

हा फोन मलाच का आला, तर मी नोकरीभर वीज कंपनीत मीटर टेस्टिंगला होते. घरांची, कारखान्यांची मीटरं आणायची, प्रमाणित मीटरशेजारी लावायची आणि फरक किती येतो ते लिहायचं, हे काम. त्या कामाने एक खोड लागते. कुठलाही काटा दिसला की तो नेमकं काय मोजतो, कशाशी ताडून पाहिलाय आणि शेवटचा कधी, हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. निखिलच्या बोटीतल्या काट्याला हे कोणी विचारलेलंच नव्हतं. बांधणाऱ्याने नाही, विकणाऱ्याने नाही, आणि घेताना आमच्या चिरंजीवांनी फक्त रंग पाहिला.

मनसरला उजवीकडे वळून तिथे पोहोचले तेव्हा निखिलचं निदान तयार होतं: "मीटरच भंगार आहे." त्याने ते आधीच एकदा बदललंही होतं. त्याबद्दल पुढे सांगते, कारण तो स्वतंत्र तमाशा आहे. पण मला आधी टाकी पाहायची होती.

टाकी डेकखाली, अ‍ॅल्युमिनियमची, साठ लिटरची. बोटीचा तळ मधोमध खोल आणि दोन्ही बाजूंनी चढत गेलेला, म्हणून त्यात बसवलेल्या टाकीचा तळही तसाच. दोन पाख्यांचं कौलारू छप्पर उलटं करून ठेवावं तसा. खोली चोवीस सेंटिमीटर. त्यातली वरची बारा सरळ भिंतींची, खालची बारा निमुळत्या तळाची. वरची रुंदी पन्नास, लांबी सदुसष्ट. एवढी मापं मिळाल्यावर बोटीला हात न लावताही बरंचसं कळतं.

टाकीतलं युनिट म्हणजे एका दांडीच्या टोकाला बांधलेला फ्लोट, तरंगणारा तुकडा. पेट्रोल वर गेलं की फ्लोट वर, खाली आलं की खाली. दांडीच्या दुसऱ्या टोकाला रेझिस्टन्सच्या तारेवर सरकणारी पट्टी असते, तिचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो आणि तो वायरने डॅशबोर्डवरच्या मीटरला कळतो. म्हणजे ह्या सगळ्या व्यवस्थेला लिटर ठाऊकच नाहीत. तिला ठाऊक आहे ती उंची, आणि तीही टाकीतल्या एकाच जागेवरची. डब्यासारख्या चौकोनी टाकीत उंची आणि लिटर बरोबरीने चालतात. निमुळत्या तळाच्या टाकीत चालत नाहीत.

गणित असं होतं. पेट्रोल अठरा सेंटिमीटर, म्हणजे काटा पाऊणवर: टाकीत पंचेचाळीस लिटर असतील असं वाटतं, असतात चाळीस. बारा सेंटिमीटर, काटा बरोबर मध्ये: असतात वीस. सहा सेंटिमीटर, काटा पाववर: फक्त पाच! त्रिकोणी भागात उंची निम्मी झाली की पेट्रोल पाव राहतं, त्यामुळे खालच्या टोकाला काट्याचं प्रत्येक घर झपाट्याने रिकामं होत जातं. पूर्णपासून अर्ध्यापर्यंत यायला चाळीस लिटर जळतात आणि अर्ध्यापासून तळापर्यंत जायला वीस. निखिलचा अनुभवही हाच होता, "काटा सकाळभर हलतच नाही आणि दुपारी धपकन पडते." त्याला वाटायचं मीटर अडकतंय.

पाववर पाच लिटर उरतात, तरीही बोट बंद पडायला नको होती. तिथे दुसरी गोष्ट आली. इंजिनला पेट्रोल ओढणारी नळी टाकीच्या मागच्या टोकाला आहे, कारण बोट वेगात असते तेव्हा नाक वर आणि बूड खाली असतं, पेट्रोल मागे जमतं. फ्लोट मात्र टाकीच्या पुढच्या टोकाला बसवलाय. असा का, हे बांधणाऱ्यालाच माहीत. बहुधा तिथे हात पोहोचत होता. त्या रविवारी बोट फोटोसाठी हळू केली होती आणि सगळी मंडळी रामटेकच्या टेकडीवरच्या गडमंदिराचा फोटो घ्यायला पुढे जाऊन उभी होती. नाक खाली गेलं. सदुसष्ट सेंटिमीटर लांबीच्या टाकीला नुसता तीन अंशांचा उतार मिळाला तरी दोन टोकांच्या पातळीत साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो. पुढे फ्लोट तरंगला, काटा पाववर गेला. मागे नळीचं तोंड, जे तळापासून तीनेक सेंटिमीटर वर असतं, ते उघडं पडलं आणि तिने हवा ओढली. म्हणजे टाकी सपाट असताना पेट्रोल पाववरसुद्धा नव्हतं. उतारामुळे ते तसं दिसलं. आणि हीच बोट भरधाव असली की उलटं होतं: फ्लोटजवळचं पेट्रोल मागे सरकतं आणि काटा आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. निखिलला वेगात कमी आणि थांबल्यावर जास्त पाहायची सवय झाली होती. त्याने त्यातून काढलेला निष्कर्ष असा, की थांबल्यावरचं खरं. थांबल्यावरचं खरं, पण माणसं आपापल्या जागी बसलेली असतील तर.

कागदावरचं गणित मला पुरत नाही. नोकरीतसुद्धा गणिताने कोणाचं मीटर पास केलं नाही. म्हणून टाकी पूर्ण रिकामी करून घेतली, बोट पाण्यावर सपाट ठेवली आणि पाच-पाच लिटर ओतत काटा कुठे येतो त्याची डायलवर बारीक पांढऱ्या रंगाने खूण केली. पाच लिटरचं माप विश्वासाचं हवं. पेट्रोल पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं, आणि गिऱ्हाईकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. आपल्या कॅनमध्ये त्या मापाने पाच लिटर ओतून घेतलं आणि कॅनवर रेघ मारली की आपलं माप तयार. कॅन पत्र्याचा घ्यायचा. पेट्रोल विनापरवाना जास्तीत जास्त तीस लिटर बाळगता येतं आणि एका डब्यात पंचवीसच्या वर नको, असा नियम आहे. त्यामुळे हे काम कॅन आणत, ओतत, पुन्हा आणत करावं लागतं. सकाळ त्यातच जाते.

पांढऱ्या खुणा आल्या त्या कागदाशी बऱ्यापैकी जुळल्या. फरक दोन टोकांना. दांडी अगदी तळापर्यंत पोहोचत नाही, म्हणून पहिले पाच लिटर जवळजवळ पूर्ण ओतेपर्यंत काटा जागचा हलला नाही. आणि वर, शेवटच्या पाच लिटरआधीच काटा पूर्णवर जाऊन टेकला. दोन्हीही मला चालतात, माहीत असले म्हणजे झालं.

एका हुशार माणसाने तिथे सुचवलं की पेट्रोल कशाला, पाणी भरून खुणा करा. नको. पाण्यात फ्लोट जास्त वर तरंगतो, कारण पेट्रोल पाण्यापेक्षा बरंच हलकं, लिटरला साधारण पाऊण किलो. खुणा चुकतील, आणि टाकीत राहिलेलं पाणी नंतर कार्ब्युरेटरमध्ये निघेल.

आता तो मीटर बदलण्याचा तमाशा. बंद पडल्याच्या दुसऱ्या दिवशीच निखिलने नागपुरातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून नवं मीटर बसवून घेतलं होतं. दिसायला झकास, निळा दिवा वगैरे. टाकी भरली तर काटा तळाला, रिकामी केली तर काटा पूर्णवर. इलेक्ट्रिशियन म्हणाला वायर उलटी लागली असेल, आणि बिचारा दुपारभर वायरी उलटसुलट करत बसला. वायर उलटी नव्हती. जगात फ्लोटच्या दोन मोठ्या पद्धती आहेत. अमेरिकी पद्धतीत टाकी रिकामी असताना रेझिस्टन्स २४० ओहम (ओहम हे त्याचं एकक) आणि भरलेली असताना सुमारे ३३. युरोपीय पद्धतीत रिकामी असताना १० आणि भरलेली असताना १८०. टाकीतला फ्लोट पहिल्या घराण्यातला आणि नवं मीटर दुसऱ्या, म्हणून सगळं उलटं. मीटर घेताना दुकानात हे विचारा, आणि त्याआधी मल्टिमीटरने आपल्या फ्लोटचा रेझिस्टन्स टाकी भरलेली आणि रिकामी असताना मोजून ठेवा. मोजताना फ्लोटची वायर मीटरच्या बाजूला सोडवून, डॅशबोर्डपाशी मोजायची. टाकीच्या तोंडाशी जाऊन नाही.

मीटर बिघडलंय की फ्लोट, हे ठरवायला तर मल्टिमीटरही लागत नाही. मीटरच्या मागे तीन टोकं असतात: एक बॅटरीचं, एक अर्थिंगचं, एक फ्लोटचं. चावी चालू करून फ्लोटचं टोक सोडवा. अमेरिकी मीटर असेल तर काटा रिकाम्याच्या खाली जाईल. मग त्याच टोकाला वायरने अर्थिंगशी जोडा. काटा पूर्णच्या पलीकडे जाईल. युरोपीय असेल तर दोन्ही वेळा उलटं. काटा असा दोन्हीकडे नीट गेला तर मीटर ठणठणीत आहे, दोष वायरीत, अर्थिंगमध्ये किंवा टाकीत. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते न करता लोक हजारो रुपयांची मीटरं बदलतात.

अर्थिंगवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तिथे जे सापडलं ते मलाही आवडलं. अमेरिकी पद्धतीने वायरिंग केलेल्या बोटीत फ्लोटची वायर गुलाबी असते. ह्या बोटीत ती निळी निघते, बाकाखाली पिवळी होते आणि टाकीपाशी काळी होऊन पोहोचते. प्रत्येक जोडावर चिकटपट्टी. अर्थिंगचं टोक हिरवं पडलेलं. बोटीने आधीचं आयुष्य खाऱ्या पाण्यात काढलंय. गोड्या पाण्यात गंज कमी, हे खरं, पण जुना गंज बोटीबरोबर इथपर्यंत येतो. त्या एका टोकावर वीसेक ओहमचा जादा रेझिस्टन्स होता. आता पाहा, २४० ते ३३ च्या पद्धतीत जादा रेझिस्टन्स म्हणजे काटा रिकाम्याच्या दिशेने सरकतो. टाकीत आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. त्रासदायक, पण घरी पोहोचवणारा. १० ते १८० च्या पद्धतीत मात्र हाच वीस ओहमचा गंज काट्याला भरलेल्याच्या दिशेने ढकलतो, साधारण डायलच्या आठव्या हिश्शाएवढा. नसलेलं पेट्रोल दिसतं. आणि वायर पूर्ण तुटली तर पहिल्या पद्धतीत काटा पडतो, दुसऱ्या पद्धतीत टाकी कायमची भरलेली! आमच्या खात्यात ह्याला फार महत्त्व होतं, की एखादी गोष्ट बिघडली तर कुठल्या बाजूला बिघडते. म्हणून निखिलला मी जुनंच अमेरिकी मीटर परत लावायला लावलं. निळा दिवा गेला म्हणून तो दोन दिवस रुसला होता.

अर्थिंगचं टोक घासून, वायरीच्या टोकाला नवं लग (धातूची टोपी) दाबून, वर ग्रीस लावून जोडलं. चिकटपट्ट्या काढून एकसंध वायर ओढली. एवढं झाल्यावर काट्याचं थरथरणं गेलं. डायलच्या मध्यावर एके ठिकाणी तो अजूनही उडी मारतो, कारण ही बोट कोकणात कुठेतरी अर्ध्या टाकीवर बरीच वर्षं उभी असावी आणि लाटांनी हिंदकळून पट्टीने तारेचा तोच भाग झिजवलाय. त्याला फ्लोट बदलण्याशिवाय उपाय नाही.

फ्लोट काढायची वेळ आलीच तर बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडवा, मोबाइल किनाऱ्यावर ठेवा आणि डेकखालची सगळी झाकणं उघडून वारं खेळू द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, बोटीच्या तळाशी बसून राहते. गॅस्केट पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचंच. झाकणाचे पाच स्क्रू सारख्या अंतरावर नसतात, ते मुद्दामच, म्हणजे फ्लोट एकाच दिशेने बसतो. बसत नाही म्हणून नवं भोक पाडणारे महाभाग मी पाहिले आहेत.

हे सगळं चाललं असताना शालिकभाऊ शेजारी बसून बिडीची तल्लफ दाबत होते. शालिकभाऊ ढिवर, त्या तलावावर त्यांचा जन्म गेला, आता निखिलकडे लहान मोटरबोटी चालवतात. ते म्हणाले, "ताई, काट्याले काय इचारता, काडीले इचारा." त्यांच्याकडे बांबूची एक कामटी आहे, तिला चाकूने खाचा पाडलेल्या. सुट्या टाकीच्या तोंडातून बुडवायची, बाहेर काढून ओली कुठवर झाली ते पाहायचं. मी त्यांच्या खाचा मापाने तपासल्या. खालची एक सोडली तर सगळ्या पाऊण लिटरच्या आत बरोबर! ह्या खाचा त्यांनी कुठलंही माप न वापरता, नुसत्या पेट्रोलच्या पैशांवरून पाडल्या होत्या. एवढं आणलं, एवढं ओतलं, इथवर आलं.

पण फायबरच्या बोटीत कामटी चालत नाही. भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंतचा होस दोन ठिकाणी वळलेला आहे. अशा बोटींना काट्याशिवाय एकच मार्ग उरतो, तो म्हणजे वही. किती भरलं आणि इंजिन किती वेळ चाललं. आउटबोर्डवाल्यांचा, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची इंजिनं वापरणाऱ्यांचा, एक ठोकताळा आहे: पूर्ण वेगात, हॉर्सपॉवरला दहाने भागा, तेवढे अमेरिकी गॅलन तासाला. चाळीसचं इंजिन म्हणजे चार गॅलन, पंधरा लिटर. चार स्ट्रोकचं चांगलं इंजिन त्याहून थोडं कमी पितं, आणि वेग उतरवला की खप खूपच घसरतो. पण हिशेब धरताना पंधराच धरायचे. म्हणजे काटा अर्ध्यावर असताना, वीस लिटरमध्ये, पूर्ण वेगात जेमतेम सव्वा तास. निखिलच्या डोक्यात तेव्हा "अर्धी टाकी, दोन तास आरामात" असं होतं.

समुद्रात जाणारे लोक तिसऱ्या हिश्शाचा नियम पाळतात: एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव. तलावाला जाणं-येणं असं काही नसतं, फेऱ्याच फेऱ्या असतात, त्यामुळे पहिले दोन हिस्से आमच्या कामाचे नाहीत. राखीव मात्र ठेवायचा. साठातले वीस. आणि ह्या टाकीत वीस लिटर म्हणजे काटा अर्ध्यावर, हे योगायोगाने इतकं सोपं बसलं की नियम एका वाक्याचा झाला: काटा अर्ध्यावर आला की भर. निखिलने लगेच हिशेब काढला की पेट्रोल शंभरीच्या पुढे, म्हणजे दोन हजारांचा माल कायम टाकीत पडून राहणार, शिवाय वजन. वजन पंधरा किलो होतं. त्याच्या बोटीत बसणारी पहिलीतली पोरं त्याहून जड असतात, आणि त्यांचं तो तिकीट घेतो.

सुट्या टाक्यांचं मात्र माझं मत शालिकभाऊंपेक्षा वेगळं आहे. त्या टाक्यांच्या झाकणावर एक छोटा काटा असतो, त्याकडे पाहूच नये. कामटी चांगली. पण सगळ्यांत चांगलं म्हणजे टाकी काट्याला टांगायची, वजनाच्या काट्याला. मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा तिथे असतोच. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच रंगाने लिहून ठेवा. आलेल्या वजनातून ते वजा करा आणि पाऊणने भागा, लिटर मिळाले. टाकी तिरपी असो, कुठल्याही आकाराची असो, फरक पडत नाही. मासळीच्या काट्यावर पेट्रोल तोलताना पाहून बाया हसल्या, पण दुसऱ्या आठवड्यात शालिकभाऊही तोलायला लागले. कामटी मात्र अजून कानाच्या मागे असते.

ह्याच टाक्यांची एक खोड सांगते, कारण तिच्यामुळेही काट्याला विनाकारण शिव्या बसतात. झाकणावर हवेचा एक स्क्रू असतो. नेताना तो बंद करतात, चालवताना उघडायचा राहतो. पेट्रोल जात राहतं, हवा आत येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि थोड्या वेळाने इंजिन उपाशी मरतं. टाकी जवळजवळ भरलेली. होसवरचा रबरी फुगा चपटा होऊन बसला असेल तर आधी तो स्क्रू पाहा. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून नागपूरच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा बचाव पथकांच्या रबरी बोटी रस्त्यांवरून फिरताना आपण सगळ्यांनी पाहिल्या. तोवर आउटबोर्ड इंजिन नावाची वस्तू ह्या शहरातल्या बहुतेकांनी जवळून पाहिलेली नव्हती. निखिलला बोटीचा नाद त्याच्याही आधीपासूनचा, पण त्या दिवसानंतर घरच्यांनी त्याला वेड्यात काढणं थांबवलं.

आपल्याकडचा उन्हाळाही ह्या हिशेबात धरावा लागतो. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून आलेलं पेट्रोल थंड असतं. मे महिन्यात ते बोटीत पंचेचाळीस अंशांना पोहोचलं की फुगतं. वीस अंशांच्या वाढीला साठ लिटरमागे एक लिटरहून थोडं जास्त. काठोकाठ भरलेली टाकी मग हवेच्या नळीतून ते बाहेर टाकते, तलावात. म्हणून उन्हाळ्यात पाच लिटर जागा सोडायची. पावसाळ्यात बोट बंद असते तेव्हा उलटं दुखणं. आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. ते प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळे होतात, नेमके जिथे नळीचं तोंड आहे तिथे. एक तर टाकी रिकामी करून ठेवा किंवा भरलेली ठेवा, अर्धवट नको.

निखिलला आता डिजिटल पाहिजे. फ्लोटऐवजी कपॅसिटन्सवर चालणारी, हलता भाग नसलेली युनिटं मिळतात. पण ती पेट्रोलच्या विद्युत गुणधर्मावर मोजतात, आणि इथेनॉलचा तो गुणधर्म पेट्रोलच्या कित्येक पट असतो, त्यामुळे साध्या पेट्रोलवर जुळवलेलं असं यंत्र आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये भलतंच दाखवू शकतं. दुसरा पर्याय फ्लो मीटरचा, इंजिनकडे जाणाऱ्या नळीत बसवायचा. तो मला पसंत आहे, कारण तो उंची मोजत नाही, खरंच गेलेलं पेट्रोल मोजतो. पण टाकीत किती शिल्लक आहे हे त्याला आपणच सांगायचं असतं. भरल्यावर आकडा टाकायला विसरलं, की तोही तितक्याच झकास निळ्या दिव्यात चुकीचं दाखवणार. त्यामुळे वही सुटत नाहीच. निखिल म्हणाला वही मोबाइलमध्ये ठेवतो. ठेव बाबा.

फ्लोट टाकीच्या मध्यावर आणायचा राहिलाय. मध्ये आला की नाक वर जावो की खाली, पातळी तिथे फारशी बदलत नाही. त्यासाठी डेक कापून टाकी बाहेर काढावी लागेल आणि ती पूर्ण वाफमुक्त केल्याशिवाय तिला ड्रिल किंवा वेल्डिंग लावता येणार नाही. हे काम जाणत्या फॅब्रिकेटरकडेच द्यायचं, पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर आली की. तोपर्यंत डायलखाली ६०, ४०, २०, ५ असे चार आकडे चिकटवलेत, आणि गडमंदिराचा फोटो पाहिजे असेल तर शालिकभाऊ बोट फिरवून देतात, मंडळींना जागेवरून उठू देत नाहीत.